डाळिंबी सूत

डिसेंबर लागला की शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला दुकानदार लोकरीचे खोके आतल्या फळीवरून पुढच्या फळीवर आणतो. एरवी तिथे बटणं, लेस, फॉल आणि अस्तरं असतात. "आली बघा म्याडम तुमची थंडी," तो मला म्हणतो. सोलापूरची थंडी माझ्या एकटीच्या सोयीसाठी येते अशी त्याची समजूत आहे, आणि ती फारशी चुकीचीही नाही. या गावात स्वेटर लागतो तो पहाटे दूध घालणाऱ्याला. बाकीच्यांना एक चादर पुरते, आणि चादरींना इथे काय तोटा.

तरी मी विणते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी सहायक आहे. दिवसभर काचेची भांडी धुवायची, द्रावणं करून ठेवायची, आणि घरी आल्यावर चहाचा कप बाजूला सरकवून सुया हातात घ्यायच्या. शाळेत विणकामाच्या तासाला सुलटा आणि उलटा असे दोन टाके शिकले, पुढचं सगळं मोबाइलवर बघून. माझ्या विणकामाचा घरात कुणाला उपयोग नाही. यांच्यासाठी विणलेला स्वेटर यांनी एकदाच घातला, तोही फोटोपुरता. फोटोत यांच्या कपाळावरचा घाम स्पष्ट दिसतो. पलंगाखालच्या टोपल्यात एका बाहीचे, बिनगळ्याचे, नुसत्याच पाठीचे असे कितीतरी कपडे पडून आहेत. ते पुरे झाले नाहीत याचं मला वाईट वाटत नाही. मला सुताचा नवीन गुंडा उलगडायला आवडतो. त्याचं आतलं टोक शोधताना बोटाला जी ऊब लागते, ती पुढे अख्ख्या स्वेटरात पुन्हा सापडत नाही.

प्रत्येक धाग्याची तऱ्हा निराळी. अस्सल लोकरीची लडी नाकाशी धरली तर भिजलेल्या मेंढीचा मंद वास येतो. ॲक्रिलिक टोचत नाही, पण दुपारी ते हातात धरवत नाही, तळव्याला चिकचिक सुटते. बांबूचं सूत माठाच्या पाण्यासारखं गार असतं. मागच्या गल्लीत तेलुगू विणकरांची घरं आहेत, तिथले माग सकाळपासून खडखडत असतात. त्यांचं सूत खळ लावलेलं, ताठ, कामाला जुंपलेलं. माझं सूत रिकामटेकडं. दोघांचा रंगारी कदाचित एकच असेल.

यंदा खोके पुढे आले तेव्हा वरच्याच खोक्यात डाळिंबी रंगाचं सूत दिसलं. बारीक, मऊ, लहान बाळांच्या कपड्यांसाठी असतं तसं. दुकानदार म्हणाला, "घ्या की, नवीन माल हाय." मी घेतलं नाही, पण त्या रंगाची एक थंडी माझ्या आयुष्यात होऊन गेली आहे, ती घरी येईपर्यंत बरोबर चालत आली.

त्या थंडीत आक्का आमच्याकडे राहायला होती. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. जेऊरजवळ वस्तीवर तिचं घर आणि शेत. उंच, रुंद हाडाची बाई. बांधावरून हाक मारली तर ओढ्यापलीकडची माणसं वळून बघायची, असा आवाज. त्या पावसाळ्यात तिच्या डाव्या छातीत गाठ सापडली. बार्शीच्या दवाखान्यात औषधं चढली, केस गेले, आणि दिवाळीनंतर ऑपरेशन करून छातीची ती बाजू काढून टाकली. जखम भरली, डॉक्टरांनी आता घरी जा म्हणून सांगितलं, तेव्हा ती भावाला म्हणाली, "मला जेऊरला नगं. तुज्याकडं ने."

"का गं?" यांनी विचारलं.

"लई माणसं बघाय येत्यात."

तेवढंच बोलली. आमच्या मधल्या खोलीत तिने कपाटाकडे तोंड करून बसायची जागा पकडली. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढलेला, पाठीला पोक काढलेलं, हात पोटाशी. दार वाजलं की ती उठून स्वयंपाकघरात जायची. मला आठवतं, मी ते सगळं प्रयोगशाळेत रंग बदलायची वाट बघत बसावं तसं बघत होते. माझा स्वभावच तसा आहे. यांना रडू यायचं, मला येत नव्हतं.

संध्याकाळी मी विणत बसले की ती बघत राहायची.

"ह्ये कुणाला?"

"कुणालाच नाही."

"मग कशाला?"

"बरं वाटतं, आक्का."

तिने माझ्या मांडीवरचा गुंडा दाबून पाहिला. मग म्हणाली, "आमच्यात शेळीबी कायतरी कामाची म्हनून पाळत्यात."

तिच्यासाठी म्हणून मी पहिल्यांदा टोपी विणली. केस गेलेल्या माणसाला टोपी, हे कुणाही विणणारीला सुचेल. सुती, हलकी, कानांवर येणारी. आक्काने उलटसुलट करून पाहिली. "डोकं झाकाय पदर हाय की," म्हणाली, आणि तिच्यात गोळ्यांची पाकिटं ठेवली. टोपीचा तो उपयोग वाईट नव्हता. पिशवी म्हणून ती छान बसली होती.

दाजी रोज तिन्हीसांजेला फोन करायचे. दाजी म्हणजे आक्काचे यजमान, कमी बोलणारे. "कवा येतीस?" एवढंच विचारायचे. "बघू," एवढंच ती सांगायची. एका रविवारी ते न सांगता आले. खांद्यावरच्या पिशवीत कोवळ्या ज्वारीची कणसं होती, हुरड्याची. जेऊरहून गाडीत मांडीवर धरून आणलेली. यांनी गच्चीवर विटा मांडून, गोवऱ्या पेटवून ती भाजली. हुरडा तळहातावर चोळताना जो वास येतो तो सगळ्या गल्लीत पसरला. खाली मधल्या खोलीत आक्का भिंतीला टेकून बसली होती. दाजींनी गरम हुरड्याची ताटली तिच्यासमोर ठेवली. तिने पदर आणखी ओढून घेतला आणि मान वर केली नाही.

"औंदा कणीस बरं भरलंय," दाजी म्हणाले.

"हं."

"कुत्रं तुज्या खाटंखाली झोपतंय."

 दाजी ताटलीतला एक दाणा बोटाने इकडून तिकडे करत राहिले, मग गाडीची वेळ झाली म्हणून उठले. गल्लीच्या वळणापर्यंत मी त्यांना पोचवायला गेले. "तिला काय बोललो का मी?" त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. ते बराच वेळ चपलेचा अंगठा नीट करत होते.

आठवड्याभरात ती भाकरीची गोष्ट घडली. आक्का कामाला लागलेली बघून मला बरं वाटलं होतं. ती ओट्यापाशी उभी राहून भाकरी थापत होती, मी शेजारी कांदा चिरत होते. थापताना ती नेहमीच्या जोराने पुढे वाकली, आणि तिच्या चोळीतून काहीतरी निसटून थेट परातीत, पिठात पडलं. घडी घालून घालून गोल केलेलं जुन्या धोतराचं फडकं होतं ते. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. तवा तापून धुरावला होता.

"घसरतंय गं," आक्का म्हणाली. "जाग्यावर बसतच न्हाय."

मी गॅस बारीक केला. फडकं उचलून झटकलं. मला तेव्हा काय वाटलं ते नेमकं आठवतं, कारण त्याचं माझं मलाच नवल वाटलं होतं. मनात पहिला प्रश्न आला तो सुताचा. कुठलं सूत? किती जाड? टोकाकडून टाके वाढवत यायचं की कडेकडून कमी करत जायचं? असं काही विणतात हे मी परदेशातल्या विणणाऱ्या बायकांच्या चित्रफितींत कधीतरी पाहिलं होतं आणि पुढे सरकले होते.

"आक्का," मी म्हटलं, "मी विणून देते. बसेल असं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पहिल्यांदाच, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, हसली. "त्येंनी टाके काडले, तू घाल."

दुपारी दार लावून घेतलं आणि ती खिडकीजवळ उजेडात बसली. चोळी काढली. मी टेप घेऊन समोर. उजवीकडे भरलेलं, उतरतं, वयाप्रमाणे सैलावलेलं अंग आणि डावीकडे काखेपर्यंत गेलेली आडवी रेघ. तिच्याभोवतीची कातडी सपाट, किंचित काळसर. आक्का छताकडे बघत होती. मी मापं घेतली, उजव्या बाजूचा आकार कागदावर उतरवून घेतला.

"गार हाय तुजी टेप," ती म्हणाली.

पहिला नमुना मी घरातल्या पांढऱ्या सुताचा केला. मधोमध चार टाके, मग फेरीफेरीला वाढवत नेलेली वाटी, मागे सपाट झाकण, आत उशीत घालतात तो कृत्रिम कापूस. आक्काने तो हातात घेऊन फिरवला. "कोबीचा गड्डा झालाय की गं." घालून पाहिला तर हलका असल्यामुळे तो वर वर सरकायला लागला. चालता चालता पार गळ्याशी आला. "ह्ये तर पळतंय," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की हे बाहेरच्या खोलीतून विचारायला लागले, काय झालं म्हणून. आक्का ओरडली, "काय न्हाय रं, बायकांचं काम हाय!" तिचा तो आवाज घरात कित्येक दिवसांनी ऐकू आला. हे दाराशी येऊन थांबले आणि तसेच परत गेले.

मग सूत आणायला मी दुकानात गेले. दुकानदाराने 'स्किन कलर' म्हणून एक गुंडा पुढे केला. गुलाबी, फिकट, उकडलेल्या कोळंबीसारखा. सोलापुरात अशी कातडी कुणाची असेल कुणास ठाऊक. मी तपकिरी घेतला, आणि मऊ म्हणून डाळिंबीही घेऊन आले. आक्कासमोर दोन्ही ठेवले.

"तपकिरी बरा दिसेल," मी म्हटलं. "अंगासारखा."

"आत कोन बघतंय?" ती म्हणाली. "माजं मलाच दिसनार. ह्यो डाळिंबी कर."

वजनाचा प्रश्न राहिला. साधा कापूस भरला तर गोळे व्हायला लागले. "जवारी भर की," आक्का म्हणाली. भरून पाहिली. वजन आलं, पण दाणे मोठे, दाबलं की पिशवीसारखं कळायचं, शिवाय टोचायचं. मग मोहरी आणली. मलमलच्या पुरचुंडीत मोहरी, तिच्याभोवती कृत्रिम कापूस, वरून डाळिंबी वीण. मोहरी आत सावकाश सरकते, अंगाबरोबर कलते. मागच्या झाकणाला दोरी ओवली, म्हणजे धुताना पुरचुंडी बाहेर काढता येईल. मी ते प्रयोगशाळेत नेलं, तराजूवर ठेवलं, कमी वाटलं म्हणून आणखी मोहरी घातली. आमचे एक प्राध्यापक जवळ येऊन "काय हो हे?" म्हणाले. "विणकाम," मी म्हटलं. त्यांनी ते उचलून पाहिलं, "छान आहे, टेबलावर ठेवायला," म्हणाले आणि वर्गावर गेले.

शेवटचे टाके मी आक्काच्या समोरच बंद केले. ती आत गेली आणि घालून आली. बराच वेळ आरशासमोर उभी राहिली. समोरून, मग बाजूने. पदर एका खांद्यावर टाकला. दोन्ही हात वर करून बघितले, खाली वाकून बघितलं. जाग्यावर होतं. पाठ सरळ झाली होती, हे तिच्या लक्षात आलं नाही. मला दिसत होतं.

"फोडनीला मोहरी संपली तर काय अडचन न्हाय आता," ती म्हणाली.

संक्रांतीच्या सुमाराला सोलापुरात ग्रामदैवताची मोठी जत्रा भरते, गड्ड्याची जत्रा. आक्का आपण होऊन म्हणाली, जाऊ या. धूळ, भोंगे, भज्यांचा धूर, पाळण्यांतल्या पोरींचे चीत्कार. मी तिच्या डाव्या बाजूने चालत होते, धक्का लागू नये म्हणून. तिने मला हाताने बाजूला केलं. "चाल की पुढं," म्हणाली आणि कोपराने वाट काढत गर्दीत शिरली. तिची वेणी नव्हती, पदराखाली नुकतेच उगवलेले केस ज्वारीच्या धसकटासारखे उभे होते, पण दोन्ही खांदे एका रेषेत होते. त्या संध्याकाळी फोन वाजला तेव्हा दाजींनी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "उद्या येतेय. कुत्र्याला सांगा."

विणणाऱ्या बाईच्या आयुष्यात असे प्रसंग थोडे. मी माझ्यावर खूश होते. टोपल्यातल्या अर्धवट पाठींकडे आणि बाह्यांकडे त्या आठवड्यात मी जरा वरूनच बघत होते.

फेब्रुवारीच्या अखेरीला ज्वारीची काढणी चालू झाली आणि आम्ही दोघं जेऊरला गेलो. हे घरी दाजींशी बोलत बसले, मी रानात गेले. बायकांची ओळ कणसं खुडत होती. आक्काला डाव्या हाताने ओझं उचलायची मनाई होती, म्हणून ती बसून उजव्या हातातल्या विळ्याने कापत होती. पदर कमरेला खोचलेला. आणि डावी बाजू सपाट. उन्हात, सगळ्या बायकांच्या देखत, सरळ सपाट.

मी जवळ जाऊन बसले. बऱ्याच वेळाने विचारलं, "आक्का, ते?"

"घरात हाय. लगनाबिगनाला घालते. रानात कशाला, घाम येतुय."

"पण इथं सगळ्या..."

तिने विळा खाली ठेवला. "आगं, हिकडं आले त्या दिवशीच ह्येंच्या हाताला लागलं. दोरीवर वाळत घातलं हुतं. म्हनले, ह्ये काय? म्हनलं, शैलानं इनलंय. मला वाटलं, आता काय म्हनतोय बाबा. तर त्येंनी पुरचुंडी आत घातली, हातावर तोललं. म्हनले, वजन बराबर हाय." ती हसायला लागली. "ज्याच्यापासनं लपवायचं त्यो तोलून बसला. मग गावापासनं काय लपवू?"

खरं सांगायचं तर मी जरा खट्टू झाले. इतकं नेमकं बसलेलं विणकाम घरात पडून राहतंय, हे कुठल्याही विणणारीला जड जाईल. पण मी तिच्याकडे बघितलं, आणि ते फार वेळ टिकलं नाही.

ओळीत एक तरणी बाई होती, शेजारच्या वस्तीवरची सुरेखा. हात चालवता चालवता ती मधूनच आक्काकडे बघायची. शेवटी म्हणाली, "आक्का, राग मानू नगा. दुकतंय का हो तितं?"

"आता न्हाय दुकत. तवाबी न्हाय दुकलं. गाठ हुती नुसती, हरभऱ्याएवढी. न्हाय दुकली म्हनूनच कळली न्हाय. उशीर झाला." आक्काने हे सगळं बांधावरच्या आवाजात सांगितलं. ओळीतल्या साऱ्या बायकांचे हात थांबले. "तुमी बघता का कुनी? अंघूळ करताना बघत जावा. लाजायचं काय त्यात, आपलंच हाय."

कुणीतरी खाली मान घालून हसलं, कामं परत चालू झाली. सुरेखा तेवढी तशीच बसून राहिली. हातातलं कणीस तिने मांडीवर ठेवलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "माज्या हाय एक. उजवीकडं."

"कवापासनं?"

"दिवाळीच्या आदीपासनं. मालकांना सांगितलं न्हाय."

आक्का उठली. तिचा हात धरून तिला कडब्याच्या गंजीमागे घेऊन गेली. मी दोघींची वाट बघत कणसांच्या ढिगाशी बसले. बऱ्याच वेळाने त्या आल्या. सुरेखाचं तोंड पदरात होतं. आक्का मला म्हणाली, "सोमवारी बार्शीला जायचं. तू यिशील का? मला त्या कागदातलं इंग्रजी येत न्हाय."

मी कॉलेजातून रजा घेतली. सोमवारी दिवसभर आम्ही तिघी दवाखान्यात होतो.  सुरेखाची दोन लेकरं शेजारणीकडे ठेवलेली होती, नवऱ्याला ती आजी आजारी आहे म्हणून सांगून आली होती. सुई टोचून गाठीतलं पाणी तपासायला घेतलं. निकालासाठी पुन्हा एकदा जावं लागलं. त्या दुसऱ्या खेपेला मी बाकावर विणत बसले होते. काय विणत होते ते आता सांगता येणार नाही, बहुतेक काहीच नाही. हात चालू ठेवायचे म्हणून ओळी घालायच्या आणि उसवायच्या. सुरेखाचं नाव पुकारलं तेव्हा आक्का तिच्याबरोबर आत गेली. दार लागलं. मी सुया खाली ठेवल्या. त्या वेळी मी अलिप्त होते असं मला म्हणता येणार नाही.

गाठ साधी निघाली. औषधं, आणि काही महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. आक्काने तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि मग सुरेखाच्या हातात दिला. "आता मालकाला सांग," म्हणाली.

परतीला कुर्डुवाडीला गाडी बदलून आम्ही जेऊरच्या एस.टी.त बसलो. खिडकीशी सुरेखा, मध्ये आक्का, कडेला मी. बाहेर कापलेली रानं, मधूनमधून उभा ऊस. गाडीला हिसके बसत होते. सुरेखा डुलक्या घ्यायला लागली, तिचं डोकं खिडकीच्या गजावर आपटत होतं. इतक्या दिवसांची झोप असावी ती. आक्काने तिचा खांदा धरला आणि तिला आपल्याकडे ओढून घेतलं, डाव्या बाजूला, सपाट छातीवर. डोकं तिथे नीट बसलं. सुरेखा दचकून जागी झाली, मागे सरकायला लागली.

"झोप गं," आक्का म्हणाली. "हितं जागा हाय."